शिकागोतले तीन दिवस

माल्कम एक्स आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतात. त्यांचं मोठं चरित्र लिहिणारे मॅनिंग मॅरेबल मात्र फारसे ओळखीचे नसतात. जून १९९८ मध्ये मॅरेबल, बार्बरा रॅन्सबी, बिल फ्लेचर, अब्दुल अल्कालिमत आदींनी शिकागोत ‘ब्लॅक रॅडिकल काँग्रेस’ भरवली. दोनेक हजार लोक जमले. समाजवादी, कम्युनिस्ट, कृष्णवर्णीय राष्ट्रवादी, स्त्रीवादी, कामगार कार्यकर्ते, प्राध्यापक. त्यांचे आपसातले वाद जुने होते.

तीन वर्षं आधी लुईस फराखान यांच्या हाकेवर वॉशिंग्टनमध्ये लाखो पुरुष एकत्र आले होते. स्त्रियांना घरी थांबायला सांगितलं होतं. अँजेला डेव्हिस यांच्यासारख्यांनी त्यावर उघड टीका केली. एकजूट दिसली खरी, पण अर्धा समाज दाराबाहेर ठेवून. (आपल्या मोहल्ल्यातल्या बैठकाही आठवून पाहा.)

शिकागोकरांनी आधी ‘एकतेची तत्त्वं’ कागदावर उतरवली. वंश, वर्ग, लिंगभाव, लैंगिकता यांवरून होणारे अन्याय एकमेकांत गुंतलेले आहेत. एकासाठी दुसऱ्याला ‘नंतर बघू’ म्हणायचं नाही. आम्ही इंजिनिअर कोड लिहिण्याआधी इंटरफेस ठरवतो, तसंच हे. मतं एक करायची नव्हती, सोबत काम करण्याच्या अटी ठरवायच्या होत्या.

पुढे संघटना विरत गेली. जाहीरनाम्याइतकं बळ गल्लीतल्या कामाला मिळालं नाही, असं मला वाटतं. तरी मी तिला फसलेली म्हणणार नाही. २०१३ मध्ये तीन कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ सुरू केलं, आणि २०१८ मध्ये त्या चळवळीवर पुस्तक लिहिलं ते याच रॅन्सबी यांनी.