वार्धक्य आणि घर

एके काळी आमच्या वर्गात बसलेल्या एका विद्यार्थ्याची कन्या परवा आम्हांस भेटावयास आली. ती वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. निरोगी वार्धक्य आणि ज्येष्ठांची निवासस्थाने हा विषय तिला अभ्यासाकरिता नेमून दिलेला आहे. त्यासाठी तिने तीन ठिकाणे पाहिली : मध्यवस्तीतील एक वृद्धाश्रम, शहराबाहेर ज्येष्ठांकरिता उभारलेले एक नवे संकुल आणि तिच्या स्वतःच्या आजीचे घर. हे घर चाळीसएक वर्षांपूर्वीच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. तिन्ही ठिकाणी तिचा पहिला प्रश्न एकच होता : घराबाहेर शेवटचे पाऊल केव्हा टाकले? वृद्धाश्रमातील उत्तर होते, ‘आज सकाळी अंगणात.’ संकुलातील गृहस्थ म्हणाले, ‘हा काय, आत्ताच फिरून आलो.’ आजी म्हणाली, ‘पाडव्याला.’ आणि प्रश्न विचारला गेला तेव्हा गणपतींचे विसर्जन होऊन गेले होते.

आजीचा रक्तदाब ताब्यात आहे, स्मरण शाबूत आहे, वाचन चालू आहे. वैद्यकाच्या दृष्टीने तिला प्रकृती उत्तम असल्याचा दाखला मिळेल. तिला घरात कोंडले आहे ते जिन्याच्या चौपन्न पायऱ्यांनी. नातीला जे तीन भेटींत उमगले, ते नगरपालिकांच्या आणि मंत्रालयाच्या ध्यानी अद्याप आलेले दिसत नाही, म्हणून आज हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली निरोगी वार्धक्याची जी व्याख्या केली, तिच्यात रोगांच्या अभावावर भर नाही. माणसास जे करणे मोलाचे वाटते ते करण्याची क्षमता टिकून राहणे, हा तिचा गाभा आहे. आणि ही क्षमता शरीराइतकीच भोवतालच्या परिस्थितीवरही अवलंबून असते. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी याच कार्यास वाहिलेले आहे. पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे दगावतात आणि त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा आहे, असेही हीच संघटना सांगते. ओली फरशी, अंधारा जिना, न्हाणीघराचा उंच उंबरठा ही साधी कारणे त्यामागे असतात. एकदा खुब्याचे हाड मोडले की कालपर्यंत हिंडते-फिरते माणूस अंथरुणास खिळते. तेव्हा घराची रचना हा आरोग्याचाच प्रश्न होय.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीवरील व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लक्ष आणि महाराष्ट्रात १ कोटी ११ लक्षांच्या घरात होत्या. त्यांच्यासाठी शासनाने काय केले? २००७ च्या कायद्याने निराधार ज्येष्ठांकरिता प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांच्या निवासाची कल्पना मांडली. परंतु शब्द असे योजले की राज्यांनी मनावर घेतले तर करावे. २०२४ साली ‘महारेरा’ने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले : लिफ्ट, चाकांची खुर्ची जाईल असे रुंद दरवाजे, पायऱ्यांऐवजी उतार, न्हाणीघरात धरावयास दांडे. हे नियम स्तुत्यच आहेत. पण ते ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या घरांपुरते. ज्याच्यापाशी असे घर घेण्याइतका पैसा आहे त्याने सुखाने म्हातारे व्हावे आणि इतरांनी जिना चढावा, असा याचा अर्थ होतो.

वृद्धाश्रम हा आपल्या संस्कृतीस कलंक आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ते पटत नाही. मुले परदेशी, जोडीदार गेलेला, अशा स्थितीत समवयस्कांत राहणे कोणी आनंदाने पत्करीत असेल, तर नाके मुरडणारे आपण कोण? त्याच कुटुंबसंस्थेचा अभिमान सांगणाऱ्या घरांतूनही वडीलधाऱ्यांची खोली दिवसभर बंद असते, हे आपण जाणतोच. आमची तक्रार निराळी आहे. वृद्धांना गावाबाहेर, वृद्धांतच ठेवणे हाच एक मार्ग आहे अशी समजूत रूढ होत आहे, ती घातक आहे. बहुसंख्य ज्येष्ठांना आपलीच आळी, आपलाच वाणी, आपलेच देऊळ आणि जिन्यात भेटणारी शेजारची पोरे हवी असतात. नेदरलँड्समधील देव्हेंटर गावी एका वृद्धनिवासाने विद्यार्थ्यांना विनाभाड्याच्या खोल्या दिल्या. मोबदला एवढाच की महिन्यास ३० तास त्यांनी चांगला शेजारी म्हणून वागावे. पुण्यासारख्या विद्यार्थ्यांच्या शहरास यापासून घेण्याजोगे बरेच आहे.

पुण्या-मुंबईत आज जुन्या गृहसंस्थांच्या पुनर्विकासाची लाट आली आहे. उद्याची पन्नास वर्षे ज्या इमारती उभ्या राहावयाच्या त्यांचे नकाशे याच घटकेस मंजूर होत आहेत. ज्येष्ठांच्या प्रकल्पांस लावलेले नियम पुनर्विकासाच्या प्रत्येक नकाशास लावावेत, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. बांधतानाच दरवाजा रुंद ठेवावयास खर्च थोडा. मागाहून भिंत फोडावयास फार. ज्या इमारती तूर्त पडावयाच्या नाहीत, तेथे निदान जिन्यास दोन्ही बाजूंनी कठडा आणि पुरेसा उजेड तरी गृहसंस्थांनी करावा. त्याकरिता शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांकडेही आमचे एक मागणे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम अपेक्षित असते. त्यांतील काही तास आपापल्या प्रभागातील लिफ्ट नसलेल्या इमारती मोजण्यास द्यावेत : पायऱ्या किती, वर राहणारे वृद्ध किती, ते शेवटचे खाली केव्हा उतरले. अशी यादी हाती आली, तर महापालिकेस ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. आज नकाशे काढणारे, ते मंजूर करणारे आणि त्यांवर अग्रलेख लिहिणारे, सारेच सुपातले आहोत. ती मुलगी निघताना आम्ही तिला विचारले, ‘अहवालाचा शेवट काय करणार?’ ती म्हणाली, ‘तो मागाहून. आधी दसऱ्याला आजीला खाली आणायचे आहे. दोन भाऊ आणि एक खुर्ची ठरवली आहे.’