गोष्टीतला वाटा

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची गोष्ट महाराष्ट्राला परिचित आहे. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा शेतीला पाणी नव्हते आणि दारूच्या भट्ट्या मात्र धगधगत होत्या. स्वतःजवळच्या पैशातून त्यांनी यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार आरंभिला. पाहता पाहता गावकरी हात लावू लागले. मग श्रमदान, नालाबांध, पाझर तलाव अशी कामे उभी राहिली. असंख्य माणसांनी मिळून रचलेली ही गोष्ट वर्षानुवर्षे पुढे चालत राहिली. माणसे मध्येच उठून का गेली नाहीत, हा प्रश्न आज घरातील तरुण मुलांनाही एका निराळ्या निमित्ताने पडतो.

संगणकावर मिळून गोष्ट रचण्याचा खेळ ही मुले खेळतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग मांडतो, प्रत्येक जण आपले पात्र काय करील ते लिहितो आणि कथा पुढे सरकते. १९७४ मध्ये अमेरिकेत निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ या प्रकाराचा पूर्वज. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ रचला आणि अनेक खेळाडू संगणकावरून एकाच काल्पनिक जगात उतरू लागले. परंतु अशा खेळात आरंभीचा उत्साह पुष्कळदा महिनाभरात ओसरतो आणि सूत्रधार एकटा उरतो.

बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले. कोणाला यश मिळवायचे असते, कोणाला नवे प्रदेश धुंडाळायचे असतात, कोणाला सोबत हवी असते, तर कोणाला दुसऱ्यावर कुरघोडी करायची असते. सर्वांना एकच काम दिले, तर तिघे कंटाळणारच. राळेगणात ग्रामसभा, तरुण मंडळ, महिला मंडळ अशी निरनिराळी स्थाने होती. ज्याला जे साधे, ते त्याने करावे.

दुसरी गोष्ट परिणामाची. बांध घातला, पाऊस अडला, विहिरीला पाणी टिकले. घामाचे फळ गावाने डोळ्यांनी पाहिले. खेळाडूने घेतलेल्या निर्णयाने कथेत काहीच बदलत नसेल, तर तो खेळाडू नसून प्रेक्षक ठरतो, आणि प्रेक्षक केव्हाही उठून जातो.

तिसरी गोष्ट परतीच्या वाटेची. राळेगणच्या शाळेने इतरत्र नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश दिला. परीक्षेमुळे चार आठवडे गैरहजर राहिलेल्या खेळाडूलाही सूत्रधाराने मागील कथा थोडक्यात सांगून त्याचे पात्र सन्मानाने परत आणावे. आपली जागा कोणी राखून ठेवली आहे, एवढे कळले तरी माणूस परततो.

खेळाडूला धरून ठेवण्याचा आणखी एक मार्ग बाजारात रूढ आहे. रोज हजेरी लावल्यास बक्षीस, एक दिवस चुकल्यास साठवलेले गुण बुडीत, आणि अधूनमधून मोबाइलची हाक. अशाने खेळाडू टिकतो, परंतु गुंतवणे आणि अडकवणे यांतील भेद पुसला जातो. जुन्या पेढीला हा भेद ठाऊक आहे. उधारीच्या ओझ्याने बांधलेले गिऱ्हाईक हिशेब फिटताच दुसरे दुकान पाहते. ज्याचा शब्द पेढीवर ऐकला जातो, ते पिढ्यान्‌पिढ्या येत राहते.

म्हणून मुलाला ‘किती वेळ खेळलास?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘आज तुझ्या पात्राने काय केले, आणि त्यामुळे गोष्टीत काय बदलले?’ असेही विचारावे. तो रंगून सांगू लागला, तर खेळात त्याचा खरा वाटा आहे. उत्तरात केवळ गुणांचा आकडा आला, तर मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी त्याच्याजवळ थोडे अधिक बसावे.