माशाच्या डोळ्यांनी

परवा दिंडोरीला घरी गेलो होतो. टोमॅटोची तोडणी चालू होती. दादाला, म्हणजे चुलतभावाला, बांधावर पाहिलं आणि जुनी गोष्ट आठवली. लहानपणी काका बजावायचे, "रंग धरलेलाच तोड!" आणि हा पठ्ठ्या हिरवेगार टोमॅटो भरून क्रेट आणायचा. कामचुकार, वेंधळा, सगळी बिरुदं त्याला मिळाली. हसण्यात मीही होतोच. पुढे पंचविशीत एका नोकरीच्या तपासणीत कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरकच नीट दिसत नाही. तोवर बोलणी खाऊन झाली होती...

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे एक पिवळा मासा!

ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांत डॅमसेल माशांच्या दोन जाती आहेत. आपल्याला दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसतात. पण नर मासा आपल्या हद्दीत शिरलेला स्वजातीचा मासा बरोबर ओळखून त्याच्यावर धावून जातो. कसा? क्वीन्सलँड विद्यापीठाच्या उलरिके सीबेक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली उत्तर दिलं. या माशांच्या चेहऱ्यावर बारीक ठिपक्या-रेघांची नक्षी असते, पण ती फक्त अतिनील प्रकाशात दिसते. अतिनील किरण अडवले की माशाची ओळख गोंधळते. आणि गंमत म्हणजे, त्यांना खाणाऱ्या बहुतेक मोठ्या माशांना हे किरण दिसतच नाहीत. म्हणजे शत्रूसमोर उघडपणे चाललेली खासगी बोली!

प्रवाळातल्या माशांचे भडक रंग म्हणजे जणू भिंतीवरची जाहिरातच, असं कोनराड लॉरेंझ यांनी मांडलं होतं. जस्टिन मार्शल यांनी २००० साली दाखवलं की माशांची नजर आपल्याइतकी बारीक नसते. त्यामुळे निळे-पिवळे पट्टे जवळून उठून दिसतात आणि दुरून एकमेकांत मिसळून पार्श्वभूमीत विरतात. एकच अंगरखा, जवळ जाहिरात आणि लांब लपण!

"याचा उपयोग काय?" असं कोणी विचारतंच. माझं मत असं, की उपयोग आहे, आणि तो नेमका इथेच आहे. पाणी गढूळ झालं की आपल्याला वाटतं, मासे तर जिवंत आहेत ना, मग झालं. आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात मात्र पाणी गढुळल्यावर माद्यांना आपल्या जातीचा नर रंगावरून ओळखता येईना आणि जाती एकमेकींत मिसळू लागल्या. ओले सीहाउझन यांनी १९९७ साली हे दाखवलं. मेला एकही मासा नाही, तरी जात संपू शकते.

आपल्या मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ आहेत. तिथे पाण्यात उतरणाऱ्यांनी पायाने गाळ उडवताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. तो गाळ कुणाच्या तरी डोळ्यांसमोर येत असतो.

दादा आता टोमॅटो दाबून बघतो, शंका आली तर वहिनीला विचारतो. त्याला कधी कुणी 'सॉरी' म्हटलेलं मला आठवत नाही. मीही नाही. समोरच्याला काय दिसतं, हे विचारायला आपल्याला इतका उशीर का होतो?

असो. या खेपेला म्हणून टाकलं. तो हसला आणि म्हणाला, "चल, क्रेट उचल आता."