झाडं काही लिफ्टने वर जात नाहीत!

तोच ग्राफ परत फॉरवर्ड होऊन आला. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे हवा एक अंशाने तापली की डोंगरावरच्या झाडांनी दीडशे मीटर वर सरकायचं. झालं! एक भागाकार आणि प्रश्न खल्लास. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असली एका ओळीची उत्तरं फार आवडतात.

पण राव, हा हिशेब आपल्याकडे चालत नाही. हिमालयात, आल्प्समध्ये झाडं जिथे संपतात ती रेघ मुख्यतः थंडी आखते, हे खरंय. इथे तेवढी थंडी आहेच कुठे? महाबळेश्वर-पाचगणी बघा. उंची जवळपास सारखी, अंतर वीसेक किलोमीटर. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस, पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. एकीकडे अंजनी, जांभूळ, हिरड्याचं दाट रान; पूर्वेला सरकावं तसं रान विरळ आणि गवत जास्त.

आमच्या सुलतानपूरहून लोणार जवळच. विवराच्या काठापासून तळ्यापर्यंतचा उतार दीडशे मीटरच्या आतबाहेर. ग्राफप्रमाणे फरक एक अंशाचा. प्रत्यक्षात? उतारावर साग आणि काटेरी झुडपं, झऱ्याच्या ओलाव्याला हिरवंगार, आणि खाऱ्या पाण्याशी फार थोड्यांचा निभाव. ही हद्द पाण्याने आणि क्षाराने आखलीय, थर्मामीटरने नाही.

मग तापमानवाढ खोटी? अजिबात नाही! उष्मा वाढला की माती लवकर सुकते, आणि ओलाव्यावर जगणारी झाडं खालच्या बाजूने मार खातात. वर पळणार म्हटलं तर किती? चिखलदऱ्याजवळचं वैराट ११७८ मीटर, राज्यातलं सर्वात उंच कळसूबाई १६४६. पुढे आभाळ.

म्हणून माझं भांडण आहे ते आकडे मोजणाऱ्या वृक्षलागवडीशी. २०१९ मध्ये राज्याचं लक्ष्य होतं ३३ कोटी रोपांचं. कंपन्यांचे शनिवारचे इव्हेंटही आकड्यावरच चालतात. पायथ्याला जे रोप तेच माथ्यावर, सावलीच्या उतारावर जे तेच उन्हाच्या. एक्सेल शीटमध्ये उंचीचा कॉलम नाही, ओलाव्याचा तर नाहीच. फोटो मात्र झकास!

असो. पुढच्या वेळी कंपनीचा टीशर्ट घालून टेकडीवर जाल, तेव्हा आयोजकांना एवढंच विचारा: या उतारावर मे महिन्यात ओल किती उरते? उत्तर आलं नाही, तर खड्डा खणू नका.