सोफा इथेच राहू द्या

पुण्याहून मेलबर्नला बदली झाली तेव्हा सोफ्यावरून आमच्या घरात तीन दिवस अबोला होता. ह्यांना तो हवाच होता. पण कंटेनर इतरांबरोबर वाटून घेतला, की बोटीचं भाडं साधारणपणे वजनावर नाही, घनमीटरवर लागतं. म्हणजे न्हावाशेवाहून सोफा पाठवताना निम्मे पैसे आपण हवेचे मोजतो! उलट बिडाचा तवा, पितळी पातेली, खलबत्ता, पुस्तकं... विमानात महाग, बोटीत स्वस्त. माझा पाटा-वरवंटा असाच गेला. हमाल मनात काय म्हणाले असतील ते असो.

ऑस्ट्रेलियाला मातीची आणि लाकडातल्या किडीची भारी धास्ती. बुटांच्या तळव्यांची माती मी जुन्या टूथब्रशने खरवडली, केरसुणी शेजारणीला दिली. पोळपाटाला किडीचं बारीक भोक दिसलं, तोही मागे ठेवला. सासूबाईंचा होता. मिक्सर मात्र खुशाल न्या. तिथेही २३० व्होल्टच, फक्त पिन बदलावी लागते. अमेरिकेला निघालेल्यांनी तो भाचीला देऊन टाकावा, तिथल्या १२० व्होल्टवर नुसता कुरकुरेल.

सोफा शेवटी दिरांकडे गेला. त्यावर आता त्यांचं मांजर झोपतं.