पगारावर पाणी सोडून सीए कसं व्हायचं?

बीएस्सीला मला ५८ टक्के होते. तेच बीकॉमला असते तर थेट सीए इंटरमीजिएटला नाव घालता आलं असतं. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के पुरतात, इतरांना ६० लागतात. रसायनशास्त्राच्या दोन टक्क्यांपायी आता बारावीच्या पोरांसोबत फाउंडेशनचे चार पेपर. असो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फाउंडेशनला बारावी चालते, वयाची अट नाही, आणि कॉमर्सचं तोंड न पाहिलेल्या माणसाने आधी पाया पक्का करावा, यात गैर काय?

मी भिवंडीतल्या एका डाइंगच्या लॅबमध्ये शेड जुळवायचे. आता ग्रे कापडाच्या एका कारखान्यात हिशेब बघते. ताके, बीम, जॉबवर्कची चलनं, ई-वे बिलं, सगळं टॅलीवर. २०२३-२४ पासून आयकराचं कलम ४३बी(एच) आलं आणि मार्च महिना म्हणजे नुसती धावपळ झाली. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं. मुदत टळून वर्षअखेरीस बाकी राहिलं तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत. मग एकेका पार्टीचा उद्यम नंबर काढून बसायचं. सूत विकणारा नुसता व्यापारी असेल तर कलम लागत नाही, सायझिंगवाल्याला लागतं. दलालामार्फत आपल्याच मालाचे पैसे तीन-तीन महिने अडकतात, पण आपण सायझिंगवाल्याला थांबवायचं नाही. हे सेठना मी समजावते, यादी मी करते. ऑडिट रिपोर्टवर सही मात्र सीएचीच लागते, आणि ती तशीच लागावी. प्रत्येक पेपरात ४०, ग्रुपमध्ये ५० टक्के, ही चाळणी एका भोकानेही मोठी करू नका.

घोडं अडतं ते आर्टिकलशिपपाशी, म्हणजे सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या उमेदवारीपाशी. सीएंच्या संस्थेच्या २०२३च्या नव्या योजनेने ती तीन वर्षांवरून दोनवर आणली आणि इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू होते. नोकरी करणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडलं. इंटरपर्यंत पगार चालू राहतो. पण पुढची दोन वर्षं? आठवड्याला ३५ तास सीएच्या ऑफिसात, दुसरी नोकरी बंद, हातात स्टायपेंड. संस्था फक्त किमान आकडा ठरवते, तोही गावाच्या लोकसंख्येवर. एकवीस वर्षांच्या मुलाला तो पॉकेटमनी म्हणून ठीक आहे, त्याचं जेवण आईच्या घरी असतं. माझ्या घरी मीच आई आहे. शाळेची फी आणि खोलीचं भाडं लोकसंख्या बघून येत नाही.

हितचिंतक सांगतात, सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स कर. पदवीला टक्क्यांची अट नाही, आणि प्रशिक्षणाचे १५ महिने पगारी नोकरीतूनही भरता येतात. चांगलाच कोर्स आहे. पण आयकराच्या टॅक्स ऑडिटवर सीएमएची सही चालत नाही, आणि भिवंडीच्या कारखानदाराचं मुख्य काम तेच. तिकडे अमेरिकेत सीपीए, म्हणजे तिथला सीए, होण्यासाठी पदवीच्या पुढे साधारण वर्षभराचं शिक्षण धरून १५० क्रेडिट तास मागायचे. माणसं यायची कमी झाली तेव्हा ओहायोने जानेवारी २०२५मध्ये कायदा करून साधी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव हा मार्गही खुला केला. परीक्षा तीच ठेवली. आणि तो अनुभव म्हणजे पगारी नोकरीच.

आपल्या संस्थेने एवढंच करावं: तिशी ओलांडलेल्यांसाठी अर्धवेळ आर्टिकलशिप. तास तेवढेच, फक्त दोन वर्षांऐवजी चार वर्षांत. सकाळी कारखाना, दुपारनंतर फर्म. कुणी म्हणेल, अर्ध्या दिवसात काय शिकणार? सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची तारीख डोक्यावर असते, तेव्हा भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास कुठल्याही फर्ममध्ये जाऊन बघा. जॉबवर्कच्या चलनावरचे मीटर आणि बिलावरचे मीटर का जुळत नाहीत, हे नव्या आर्टिकलला समजावण्यात सीनियरचा अर्धा दिवस जातो. ते मला कुणी समजावायला नको.