मृत्यूचा दाखला आणि छातीतील साक्षीदार



घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४-अ) देण्यासाठी आपल्या रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांवर बहुधा आपणांसच बोलावणे येते. नातलग घाईत असतात, दहनाची तयारी झालेली असते. मृताच्या अक्षकास्थीखाली पेसमेकर हाताला लागला, तर चितेवर तो फुटण्याचा धोका असल्याने काढून घ्यावा, असे आपण सांगतो. हे योग्यच. परंतु मृत्यू संशयास्पद असेल, तर त्याबरोबर एक पुरावाही हातचा जातो.

हे यंत्र हृदयाची गती, लयीतील बिघाड व त्यांची वेळ काही अंशी साठवून ठेवते. अमेरिकेतील ओहायो राज्यात २०१६ मध्ये एका घरास आग लागली. घरमालकाच्या पेसमेकरमधील नोंदी त्याच्या सांगण्याशी जुळेनात; २०१७ मध्ये न्यायाधीशांनी त्या पुराव्यात दाखल करण्यास अनुमती दिली. तो मनुष्य निदान आपली बाजू मांडू शकत होता. मृतास तेही शक्य नसते.

तथापि यंत्राची नोंद म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. हृदयाचे आकुंचन थांबले तरी पेसमेकर विद्युत्स्पंद देत राहू शकतो. त्याचे घड्याळही मागेपुढे असू शकते. चरकोक्त चतुर्विध परीक्षेच्या भाषेत ते अनुमानाचे साधन आहे. शवविच्छेदन व परिस्थिती यांच्याशी ताडूनच त्याचे मोल ठरावे.

कायद्याचीही शिस्त आहे. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती अट आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे : संशय असल्यास दाखल्यावर सही करू नये, पोलिसांना कळवावे आणि यंत्रास हात लावू देऊ नये. ते झटका देणारे डिफिब्रिलेटर असेल, तर कापणाऱ्यासही इजा होऊ शकते. औषधालयचालकांनी नेहमीच्या रुग्णांना यंत्राचे ओळखपत्र घरी सापडेल असे ठेवण्यास सांगावे. संशय नसताना मात्र केवळ कुतूहलापोटी नोंदी उघडू नयेत. रुग्णाचे गुपित मृत्यूनंतरही गुपितच.

नातलगांचा रोष चार दिवसांचा असतो. आपली सही मात्र कायमची साक्ष ठरते.

— एक सभासद वैद्य, रत्नागिरी